वर्षातले दोन तास : अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

अभ्यासक्रम समित्यांचे सन्माननीय सदस्य, मुख्याध्यापक आणि शाळांचे व्यवस्थापन पाहणारे सर्वजण यांस,

सविनय नमस्कार.

या पत्रातली मागणी एकच आहे आणि ती आधीच मांडते. सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दरवर्षी किमान दोन तास सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत) आणि तातडीच्या प्रथमोपचाराचे शिक्षण मिळावे, ते नियमित वेळापत्रकात बसवलेले असावे आणि मुलांच्या नेहमीच्या शिक्षकांनीच ते द्यावे. पाहुण्यांचे भाषण, वऱ्हांड्यातला तक्ता किंवा विज्ञानाच्या पुस्तकातला चार पानांचा धडा यांनी ही मागणी पूर्ण होत नाही. जमिनीवर गुडघे टेकून, सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत घालवलेले ते दोन तास असायला हवेत. मी प्रथमोपचाराची प्रशिक्षक आहे, शाळांमधून हे शिकवते, आणि जे लिहिते आहे ते या वयाच्या मुलांना शिकताना जवळून पाहून लिहिते आहे.

हृदय अचानक बंद पडते तेव्हा माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, पण रक्त पुढे ढकलणारे कुणी उरत नाही, आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. ज्या रुग्णाचे हृदय विजेच्या धक्क्याने पुन्हा चालू होण्यासारखे असते, त्याचीही जगण्याची शक्यता काहीच न केल्यास दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. कुणी छातीवर नीट दाब देत राहिले तर ही घट जवळपास निम्म्यावर येते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तिला यायला मिनिटे लागतातच, आणि तेवढ्या मिनिटांत जे काही करायचे ते शेजारी असलेल्या माणसालाच करावे लागते. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. झटका आलेला माणूस बोलत असतो, त्याच्या छातीत दुखत असते, त्याला घाम फुटलेला असतो. अशा माणसाला सीपीआर द्यायचा नसतो, त्याला बसवून तातडीने मदत बोलवायची असते. त्याचेच हृदय पुढे बंद पडू शकते, आणि तो बेशुद्ध होऊन श्वास थांबला की मग सीपीआर. मोठ्या माणसांचाही यात नेहमी घोटाळा होतो, पण सातवीच्या वर्गात एकदा नीट सांगितले की मुले तो करत नाहीत.

रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या बहुसंख्य घटना घरात घडतात. रस्त्यावर, स्थानकात, मैदानात घडणाऱ्या घटना चार लोकांच्या लक्षात राहतात, पण त्या थोड्या असतात. घरात त्या वेळी कोण असेल याचा विचार केला की बारा वर्षांच्या मुलीला हे शिकवायची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर मिळते. आजोबा कोसळले तेव्हा घरात दुसरे कुणी नसेल, किंवा असलेले मोठे माणूस घाबरून गेलेले असेल, तर करणारी तीच आहे.

हे ज्ञान नवे नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे १९६० मध्ये प्रसिद्ध केले. यासाठी फक्त दोन हात लागतात, असे त्यांनी त्या लेखातच नमूद केले होते. त्याच वर्षी नॉर्वेतले खेळणी बनवणारे ओसमुंड लेर्दाल यांनी सरावासाठी पहिला पुतळा तयार केला, आणि १९६१ पासून नॉर्वेत शाळकरी मुलांना हे शिकवले जाऊ लागले. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांसाठी ते कायद्याने बंधनकारक केले. युरोपातल्या पुनरुज्जीवन तज्ज्ञांच्या संघटनांनी तयार केलेल्या, वयाच्या बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास या शिफारशीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला. म्हणजे माझी मागणी धाडसी मुळीच नाही. साठ वर्षांहून जुन्या कौशल्याला वेळापत्रकात जागा मागते आहे, इतकेच.

डेन्मार्कचे आकडे इथे दिले पाहिजेत. २००१ मध्ये तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या सुमारे २१ टक्के लोकांना उपस्थितांकडून सीपीआर मिळत होता; २०१० पर्यंत हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. त्याच काळात तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर पोहोचले. या वाढीचे सगळे श्रेय शाळांना देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्याच दशकात फोनवरून सूचना देण्याची व्यवस्था, रुग्णवाहिका सेवा आणि रुग्णालयातले उपचार हे सगळेच सुधारले. पण कोसळलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवणारे लोक दुपटीने वाढले, ते कुठेतरी शिकलेले होते, आणि शाळा ही त्या जागांपैकी एक होती.

तिथल्याच आणखी एका प्रयोगाचा माझ्या मनावर फार परिणाम झालेला आहे. सातवीच्या सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांना हवा भरून वापरायचा छोटा पुतळा आणि चित्रफीत देण्यात आली आणि ते घरी नेऊन इतरांना शिकवा असे सांगण्यात आले. प्रत्येक मुलामागे सरासरी अडीच माणसे शिकली. याच वयात मूल घरी जाऊन शिकवते. दहावीच्या मुलाला आईला जमिनीवर बसवून हात कुठे ठेवायचा हे दाखवायला संकोच वाटेल. सहावीतली मुलगी ते संध्याकाळ संपायच्या आत करून मोकळी होते, आणि आजी चुकली तर तिला पुन्हा करायला लावते.

लहान मुलांच्या हातात एवढी ताकद असते का, ही शंका रास्त आहे. कार्डिफमध्ये ९ ते १४ वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांइतकेच चांगले दाब दिले. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना पुरेशी खोली गाठता आली नाही, पण हात योग्य जागी ठेवणे आणि योग्य गतीने दाबणे त्यांनाही जमले. त्यामुळे सहावीत जे मूल अंगाने लहान आहे, त्याने ओळखणे, हाक मारणे, फोन करणे, एईडी (हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र, म्हणजेच डिफिब्रिलेटर) आणणे आणि शेजारच्या मोठ्या माणसाला ‘इथे दाबा, जोरात दाबा’ असे सांगणे इतके शिकले तरी ते पुरेसे आहे. पुढच्या वर्षी त्याचे वजन वाढलेले असेल आणि दाब आपोआप खोल जाईल. दरवर्षी पुन्हा शिकवण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की हे कौशल्य काही महिन्यांतच पुसट व्हायला लागते. एकदाच केलेले शिबिर वर्षभराने फक्त छायाचित्रात उरते.

प्रत्यक्ष वर्गात काय घडते ते थोडे सविस्तर सांगते, कारण निर्णय घेणाऱ्यांनी ते क्वचितच पाहिलेले असते. पहिल्यांदा पुतळ्याशेजारी बसलेली मुले बहुधा टाचांवर मागे रेलून बसतात, कोपर वाकवतात आणि नुसत्या हातांच्या जोराने दाबू लागतात. अर्ध्या मिनिटात ती दमतात. त्यांना पुढे सरकवून, कोपर ताठ करून, खांदे थेट तळहातांच्या वर आणायला सांगितले की शरीराचे वजन कामाला लागते आणि पुतळ्यातली टिकटिक पहिल्यांदा वाजते. तोपर्यंतचे दाब किती वरवरचे होते हे त्या एका आवाजाने कळते. मोठ्या माणसाच्या छातीचे हाड पाच ते सहा सेंटीमीटर आत जायला हवे, आणि हे अंतर मोजपट्टीवर दाखवले तरी मुलांचा विश्वास बसत नाही. हाताला जाणवल्यावरच बसतो. मग गतीचा प्रश्न येतो. मिनिटाला १०० ते १२० दाब हवेत, पण उत्साहात बहुतेक मुले फार भरभर दाबतात, आणि छाती पूर्ण वर येण्याआधीच पुढचा दाब देतात. छाती वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, आणि पुढच्या दाबाने ढकलायला काही उरत नाही. मोठ्याने आकडे मोजायला लावले की गती सुधारते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि बदलताना दाब थांबू द्यायचे नाहीत. ही अदलाबदल मुले मोठ्यांपेक्षा छान करतात, कारण खेळात अशी देवाणघेवाण त्यांच्या अंगवळणी पडलेली असते.

यातले काहीही लेखी परीक्षेत तपासता येत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की या विषयाला गुण लावू नयेत. ‘सीपीआरच्या पायऱ्या लिहा, गुण पाच’ असा प्रश्न ज्या दिवशी छापला जाईल, त्या दिवसापासून मुले पायऱ्या पाठ करतील आणि पुतळा कपाटात जाईल. प्रत्येक मुलाने शिक्षकांसमोर दोन मिनिटे नीट दाब देऊन दाखवले, एवढी नोंद पुरे.

एक गोष्ट मात्र पुतळ्यावर शिकवता येत नाही, आणि तिच्यापायी जीव जातात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे पुष्कळ रुग्ण आचके देतात. तोंड उघडते, हनुवटी झटक्याने हलते, घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. भोवती जमलेले लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे,’ आणि वाट पाहत राहतात. तो श्वास नसतो. मुलांना याची चित्रफीत दाखवावी, आधी काय दिसणार आहे ते सांगून दाखवावी, आणि हाक मारून, खांदे हलवूनही जे माणूस हलत नाही व ज्याचा श्वास नेहमीसारखा नाही त्याला सीपीआरची गरज आहे, हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. नाडी शोधण्यात वेळ घालवायला शिकवू नये. घाबरलेल्या माणसाला ती सापडत नाही, किंवा नसतानाही असल्याचा भास होतो.

तोंडाने श्वास देण्याबद्दल मतभेद आहेत, तेव्हा माझे मत सांगते. सहावीत फक्त छातीवर दाब शिकवावेत. मोठे माणूस डोळ्यांदेखत कोसळले असेल तर पहिली काही मिनिटे तेवढे पुरते, आणि संकोचापायी काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. आठवीपर्यंत ३० दाब आणि २ श्वास ही पद्धत जोडावी, कारण बुडालेल्या माणसाच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत मूळ अडचण बहुधा प्राणवायूची असते आणि तिथे श्वास देणे महत्त्वाचे ठरते.

याच वयात मुलामुलींना शरीराबद्दल संकोच वाटू लागतो, आणि शिक्षकांनाही वाटतो, म्हणून या विषयावरून पुढे सरकून जाण्याची प्रवृत्ती असते. ती टाळावी. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना उपस्थितांकडून सीपीआर मिळाला, तर स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. स्त्रीच्या छातीला हात लावायचा कसा, कुणी काही म्हणेल का, ही भीती त्यामागे असावी असे मानायला जागा आहे, आणि सरावाचे बहुतेक पुतळे सपाट छातीचे असतात याचाही वाटा असेल. शिक्षकांनी शांत, सरळ शब्दांत सांगावे की हाताची जागा सर्वांसाठी एकच आहे : छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताची टाच. पुतळ्याला एखादा सदरा आणि आत कापडाची घडी घालून सराव घेतला तरी बराच संकोच जातो. मुलगे आणि मुली यांना वेगळे बसवून शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. कोसळणारे माणूस स्त्री असेल की पुरुष, हे मदत करणाऱ्याला निवडता येत नाही.

बाकीचे प्रथमोपचार तुलनेने सोपे आहेत. त्यातले निम्मे काम चुकीच्या सवयी मोडण्याचे आहे. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे. वीस मिनिटे किती लांब असतात हे मुलांना घड्याळ लावून दाखवावे, कारण बहुतेक जण दोन मिनिटांत नळ बंद करतात. घोळणा फुटला तर डोके मागे टाकायचे नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालायचा नाही, त्याला दाबून धरायचे नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचे, वेळ बघायची, झटके थांबले की कुशीवर वळवायचे आणि पाच मिनिटांहून जास्त चालले तर रुग्णवाहिका बोलवायची. वाहणाऱ्या रक्तावर कापड धरून घट्ट दाबायचे आणि सारखे उचलून पाहायचे नाही. घशात घास अडकून आवाजच बंद झाला असेल तर खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब, पुन्हा थापा. हे एवढेच दरवर्षी हाताखालून गेले तरी पुरे आहे. याहून लांब यादी दिली की काहीच लक्षात राहत नाही.

मुलांच्या मनावरच्या ओझ्याबद्दल पालक विचारतात, आणि हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. सीपीआर मिळूनही बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. जिथे व्यवस्था उत्तम आहे तिथेही नाहीत. हे मुलांपासून लपवणे घातक आहे. ‘तुम्ही जीव वाचवाल’ एवढेच सांगून सोडलेले मूल उद्या आजोबांवर मनापासून दाब देईल, आजोबा तरीही जातील, आणि आपलेच काही चुकले असे ते कायम धरून बसेल. म्हणून पहिल्याच तासाला त्यांना सांगितले पाहिजे की हृदय बंद पडलेले माणूस आधीच अत्यंत संकटात असते, तुम्ही त्याला एक संधी देता, आणि ती न लाभल्यास दोष तुमचा नसतो. बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो, तरी थांबायचे नाही, हेही आधीच कानावर घालावे. एखादे मूल घाबरून काहीच करू शकले नाही तर त्यालाही कुणी बोल लावता कामा नये. आणि अशा प्रसंगातून गेलेल्या मुलाशी शांतपणे बोलणारे एक तरी माणूस शाळेत ठरलेले असावे. हे शिकवण्याच्या योजनेचाच भाग समजावे, नंतर जोडायची सोय नव्हे. माझा अनुभव असा आहे की सत्य सांगितलेली मुले कमी घाबरतात. पुतळ्याभोवती त्यांनी विचारलेले प्रश्न मोठ्यांच्या प्रश्नांपेक्षा सरळ असतात.

याच जोडीने स्वतःची सुरक्षितता शिकवणे अनिवार्य आहे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करायचे. बुडणाऱ्यामागे पाण्यात उडी घ्यायची नाही, काठावरून दोर, काठी किंवा तरंगणारी वस्तू द्यायची आणि ओरडून मोठ्यांना बोलवायचे. मदतीच्या भरात धावून गेलेले मूल स्वतः बुडाले तर आपण शिकवलेल्या सगळ्याचा काय उपयोग?

अडचणी तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. वेळेबद्दल मी फार लिहीत नाही. दोन तास म्हणजे वर्षातल्या तीन-चार तासिका, आणि शारीरिक शिक्षण किंवा विज्ञान यांत त्या मावतात. पुतळे कमी असतील तर सहा-सात मुलांमागे एक चालतो, आणि तोही नसेल तर घट्ट उशीवर हाताची जागा, सरळ कोपर आणि गती शिकवता येते, खोली तेवढी राहून जाते. शिकवणार कोण, याचे उत्तर जर्मनीत सहा वर्षे चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळते : प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी शिकवलेली मुले डॉक्टरांनी शिकवलेल्या मुलांपेक्षा कुठे कमी पडली नाहीत. बाहेरचा माणूस वर्षातून एकदा येतो. शिक्षक रोज समोर असतात, आणि मैदानावर कुणी पडले तर पहिल्यांदा त्यांनाच धावायचे असते.

शाळेत एईडी असेल तर तो कुलपात ठेवू नये. मुख्याध्यापकांच्या खोलीत बंद कपाटात ठेवलेले यंत्र सुट्टीच्या दिवशी मैदानावर कोसळलेल्या मुलाच्या कामाचे नसते. ते चालू केले की स्वतःच बोलून सूचना देते, हृदयाची लय तपासते आणि गरज असेल तरच धक्का द्यायला सांगते, त्यामुळे मुलाच्या हातून चुकून कुणाला धक्का बसेल ही भीती नको. धक्क्याच्या वेळी रुग्णाला कुणी हात लावत नाही, एवढे मात्र पाहावे लागते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेतला सामना चालू असताना ख्रिस्टियन एरिक्सन हा डॅनिश फुटबॉलपटू कोसळला, तेव्हा मैदानातच त्याला सीपीआर आणि डिफिब्रिलेटरचा धक्का मिळाला. तीन वर्षांनी त्याच स्पर्धेत त्याने देशासाठी गोल केला. मुलांना हे उदाहरण सांगितले की यंत्र कुठे ठेवले आहे, हे ती स्वतःहून विचारतात.

येत्या सत्राआधी प्रत्येक शाळेतल्या किमान दोन शिक्षकांचे प्रशिक्षण व्हावे, सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत सातवीपासून सुरुवात करावी, आणि पुढच्या वर्षी सहावी व आठवी जोडावी, असा क्रम मी सुचवते. तीनही वर्ग एकदम सुरू करण्याच्या प्रयत्नात काहीच नीट होत नाही. अभ्यासक्रम समितीने या तासिका वेळापत्रकात नेमक्या कुठे बसतील हे लेखी कळवावे आणि मुख्याध्यापकांनी त्या तासिका कुणाच्या नावावर आहेत ते वर्गाबाहेर लावावे, एवढी विनंती. शिक्षकांच्या पहिल्या प्रशिक्षणासाठी मी आणि माझे सहकारी विनामूल्य यायला तयार आहोत. पुतळे आम्ही घेऊन येऊ.

आपली नम्र,
एक प्रथमोपचार प्रशिक्षक